कचेरीच्या टेबलावरचा कारभारी



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून हे व्याख्यान संगणकाच्या जाणकारांसाठी आहे अशी कोणाची समजूत झाली असेल, तर ती प्रथमच दूर केलेली बरी. आम्हांस बोलावयाचे आहे ते कचेरीविषयी. नगरपालिकेची कचेरी, पतसंस्थेची कचेरी, शाळेतील कारकुनाची खोली, वकिलाचे किंवा हिशेबतपासनिसाचे कार्यालय. जेथे टेबलावर संगणक आहे आणि त्यापुढे बसून कोणी तरी तुमच्याआमच्या कामाचा कागद तयार करीत आहे, ती प्रत्येक जागा आज आमच्या डोळ्यांपुढे आहे. तेथे यंत्र कचेरीचे असते, वीज कचेरीची असते, कारकूनही कचेरीचाच असतो. परंतु त्या यंत्राचा सारा कारभार पाहणारा जो अदृश्य कारभारी, तो मात्र बहुधा कचेरीचा नसतो. तो परवान्याने, म्हणजे एका परीने भाड्याने आणलेला असतो. हा कारभारी कचेरीचा स्वतःचा असू शकतो काय, आणि तसा तो करू गेल्यास काय घडते, एवढाच आज आमचा प्रश्न आहे.

या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण कळ दाबल्यावर अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेला कागद नीट ठेवून मागाल तेव्हा काढून देणे, छपाईच्या यंत्राकडे मजकूर पोचविणे, एका वेळी चार कामे चालली असता कोणाला किती वेळ द्यावयाचा ते ठरविणे, ही सगळी त्याची कामे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली सर्वांच्या परिचयाची आहे. ती ज्या आज्ञांची बनली आहे, त्यांचा वाचता येण्याजोगा मजकूर, म्हणजे तिची मूळ संहिता, कंपनीच्या कुलुपात असते. ग्राहकास मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना.

याहून निराळी वाट १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थाने काढली. आज्ञावली ज्याच्या हाती येईल त्याला ती हव्या त्या कामासाठी वापरता आली पाहिजे, उघडून वाचता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे आणि मूळ रूपात वा बदलून दुसऱ्यास देता आली पाहिजे, अशी चार मोकळिकींची त्याची मागणी होती. आणि त्या मागणीप्रमाणे एक संपूर्ण प्रणाली बनविण्याचा संकल्प त्याने जाहीर केला. पुढे १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या प्रणालीला हवा असलेला गाभा लिहिला. तोच लिनक्स. इंग्रजीत या साऱ्याला 'फ्री' हा शब्द लावतात, आणि त्या एका शब्दाने चाळीस वर्षे घोटाळा माजविला आहे. कारण इंग्रजीत फुकटही फ्री आणि मोकळेही फ्रीच. स्टॉलमनला आयुष्यभर हा भेद समजावून सांगत हिंडावे लागले. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याला तो त्रास नाही. ही प्रणाली पुष्कळदा फुकट मिळते हे खरे, पण तिचे महत्त्व तिच्या मुक्तपणात आहे. फुकटपणाला भुलून जी कचेरी तिच्याकडे गेली, ती लवकरच परत आलेली दिसते.

आता एक कोडे. मुक्तस्रोत प्रणाली हे काही आज चार छांदिष्टांचे खेळणे राहिलेले नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल. त्याचा गाभा लिनक्सच आहे. जगातील अतिवेगवान अशा पाचशे महासंगणकांची यादी प्रसिद्ध होत असते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतील पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. महाजालावरील मोठमोठ्या सेवांच्या मागे उभी असलेली यंत्रेही बहुतांशी त्यावरच चालतात. असे असता कचेरीतील टेबल तेवढे सुटले, हे कसे? प्रणाली कठीण आहे म्हणून, असे उत्तर कोणी देईल. आम्हांस ते पटत नाही. अहो, तीच प्रणाली फोनवर आजीबाई चालवितातच की!

खरे उत्तर शोधावयाचे तर जर्मनीतील म्युनिक शहराची हकीकत पाहिली पाहिजे. ती थोडी विस्ताराने सांगतो.

म्युनिकच्या नगरपालिकेत तेव्हा सुमारे चौदा हजार संगणक होते आणि त्यांवर विंडोजची एनटी ही जुनी आवृत्ती चालत असे. कंपनी त्या आवृत्तीची डागडुजी बंद करणार होती. तेव्हा पालिकेपुढे प्रश्न आला की, नवी आवृत्ती विकत घ्यावी की दुसरा मार्ग धरावा? २००३ च्या मे महिन्यात नगरसभेने दुसऱ्या मार्गाच्या बाजूने कौल दिला. हा कौल होण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधील बर्फावरची सुटी मध्येच टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांच्या भेटीस गेले आणि त्यांनी किमतीत मोठी सूट देऊ केली, ही गोष्ट त्या काळी फार गाजली. एका पालिकेच्या चौदा हजार यंत्रांसाठी एवढी धावपळ कशाला? कारण पाहणारे सगळे जग होते.

कौल झाला, पण काम सुरू होईपर्यंत २००६ उजाडले आणि संपेपर्यंत २०१३ साल आले. विलंबाचे कारण काय असेल म्हणता? प्रणाली नव्हे. कारण होते पालिकेचे कागद. म्युनिकमध्ये वीसेक खात्यांचे वीसेक स्वतंत्र संगणक-विभाग होते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जन्माचा दाखला, बांधकामाचा परवाना, कराची मागणी अशा प्रत्येक कामाचे तयार नमुने मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये बांधलेले. त्यांत कोणा हौशी कारकुनाने वर्षांपूर्वी घालून ठेवलेल्या लहानलहान आज्ञावल्या. त्यांना मॅक्रो म्हणतात. तो कारकून निवृत्त झाला, मॅक्रो राहिला. तो कसा चालतो हे कोणासही ठाऊक नाही, परंतु त्यावाचून दाखला निघत नाही. असे हजारो नमुने एकेक करून उकलावे लागले. त्या निमित्ताने त्यांतील पुष्कळसे निरर्थक आणि दुबार आहेत हेही ध्यानात आले. नमुने सांभाळण्यासाठी पालिकेच्या लोकांनी 'वोलमुक्स' नावाची आज्ञावली स्वतः लिहिली आणि २००८ साली ती सर्वांस मोकळी करून दिली. आमच्या मते म्युनिकची खरी कमाई ही आहे. पालिकेला आपले स्वतःचे दप्तर प्रथमच नीट समजले.

२०१२ साली पालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून केलेल्या दुसऱ्या एका अहवालाने तो आकडा खोटा ठरविला. या आकडेमोडीत आम्ही शिरत नाही, कारण असल्या हिशेबांत ज्याला जे हवे ते मिळते. पुढची हकीकत अधिक बोधक आहे. २०१४ साली डीटर रायटर हे नवे महापौर निवडून आले. कचेऱ्यांतून तक्रारी होत्याच: बाहेरून आलेला कागद उघडल्यावर ओळी सरकतात, फोनवर टपाल वेळेवर दिसत नाही, काही खास कामांसाठी हजारो यंत्रांवर विंडोज ठेवावेच लागले आहे. पालिकेने बाहेरच्या सल्लागारांकडून तपासणी करविली. तिचा निष्कर्ष असा की, अडचणींचे मूळ यंत्रविद्येत कमी आणि व्यवस्थेत जास्त आहे. खाती एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, निर्णय कोणी घ्यावयाचा ते ठरलेले नाही. या रोगावर औषध काय, तर प्रणाली बदला! २०१७ च्या नोव्हेंबरात नगरसभेने परत विंडोजकडे जाण्यासाठी सुमारे पाच कोटी युरो मंजूर केले. नंतर २०२० च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या पक्षांच्या करारात पुन्हा लिहिले गेले की, शक्य तेथे मुक्त आज्ञावलीलाच प्राधान्य द्यावे. जोडा चावतो म्हणून पाय बदलण्याचा हा प्रकार पाहून हसू येते खरे. पण हसण्यापूर्वी आपल्या पालिकेत जाऊन यावे.

याच काळात शेजारच्या फ्रान्समध्ये दुसऱ्या एका संस्थेने हेच काम केले आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. ही संस्था म्हणजे तेथील जाँदार्मरी, ग्रामीण भागाची लष्करी शिस्तीची पोलीस. त्यांनी प्रणालीला प्रथम हातच लावला नाही. २००५ साली विंडोज तशीच ठेवून त्यावर ओपनऑफिस ही मुक्त लेखन-हिशेबाची साधने आणली. मग फायरफॉक्स आणि टपालासाठी थंडरबर्ड. दोनतीन वर्षांत शिपायांचे हात या साधनांना सरावले. २००८ साली खालची प्रणाली बदलून उबुंटू हे लिनक्स घालावयाचे ठरले, तेव्हा शिपायाला रोज लागणारे काहीच बदलले नव्हते. तोच टपालाचा चौकोन, तेच कागदाचे पान. त्या खात्यातील एका अधिकाऱ्याने नंतर सांगितले की, विंडोजच्या नव्या आवृत्तीकडे जाण्यापेक्षा हेच सोपे गेले. चित्रे वेगळी आणि खेळ वेगळे एवढाच काय तो फरक, आणि खेळ ही आमच्या खात्याची निकड नव्हे! २०२४ पर्यंत जवळजवळ एक लाख यंत्रे, म्हणजे खात्यातील शेकडा पंचाण्णवांहून अधिक, या मुक्त प्रणालीवर आली होती.

कोड्याचे उत्तर येथे आहे असे आम्हांस वाटते. महासंगणकाची प्रणाली जो निवडतो तोच ती चालवितो. कचेरीत निवडणारा वेगळा, चालविणारा वेगळा आणि कागद घेणारा तर तिसराच. टेबलावर बसलेला मनुष्य एकटा नसतो. त्याच्यामागे वीस वर्षांची सवय आणि पुढे दहा कचेऱ्यांचे कागद असतात. फ्रान्समध्ये सवय आधी हलविली आणि कारभारी मागून बदलला. म्युनिकमध्ये हे काम वीस मालक असलेल्या घरात करावे लागले. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये तीस हजार यंत्रांबाबत असाच निर्णय घेतला, तेव्हा त्याने क्रम फ्रान्सचा धरला. लिब्रेऑफिस आणि टपाल आधी, लिनक्स मागाहून.

आता घराकडे वळू. आपल्याकडे केरळने शाळांतून हा मार्ग धरला. २०१९ मध्ये तेथील शाळांतील दोन लाखांवर संगणक लिनक्सवर होते. पण शाळेत सवय नव्याने लावावयाची असते, कचेरीत जुनी मोडावयाची असते. म्हणून ते उदाहरण येथे अर्धेच लागू पडते. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलीला पसंती द्यावी असे धोरण जाहीर केले. ज्या सी-डॅक संस्थेची मुख्य कचेरी पुण्यात आहे, तिने 'बॉस' नावाची देशी भाषांची लिनक्स प्रणाली तयार केली. त्यातील बरेचसे काम चेन्नईस झाले. धोरणे आहेत, प्रणाली आहे. आपल्या तालुक्याच्या कचेरीत ती कितपत दिसते, ते आपण जाणता.

मराठी कचेरीला मात्र एक खास आपला असा फटका बसलेला आहे आणि त्याचा विचार पुरेसा झालेला नाही. पंचवीसतीस वर्षांपूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे फाँट विकले जात, त्यांत 'क' हे अक्षर यंत्राच्या लेखी 'क' नसे. पडद्यामागे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे, आणि फाँट त्याला 'क'चा मुखवटा चढवी. प्रत्येक विक्रेत्याचा मुखवटा वेगळा. फाँट आहे तोवर ठराव वाचता येई. फाँट नसलेल्या यंत्रावर तोच ठराव इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर येई. आमच्या गावोगावच्या संस्थांची दहापंधरा वर्षांची इतिवृत्ते अशी मुखवट्यांत अडकून पडली आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमालांत बांधलेले मोडी कागद वाचणारे आज थोडे आहेत, पण मोडी ही कोणाच्या मालकीची नाही. चार महिने अभ्यास करा, कागद तुमचा. ज्या फाँटचा विक्रेता धंदा बंद करून गेला, त्याचे काय? दोनशे वर्षांपूर्वीचा सरदाराचा खलिता वाचता यावा आणि २००२ सालचा सोसायटीचा ठराव वाचता येऊ नये, ही अवस्था चमत्कारिक खरीच.

युनिकोड या सर्वमान्य पद्धतीने यावर उपाय झाला. तीत 'क' हा सर्व यंत्रांवर, सर्व प्रणालींवर 'क'च असतो. लिनक्समध्ये देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक अंगचाच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. 'लोहित' हा मुक्त देवनागरी फाँटही उपलब्ध आहे, आणि त्याच्या जडणघडणीत रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींचा वाटा मोठा आहे. म्हणजे मराठी लिहिता येत नाही ही तक्रार आता उरलेली नाही. उरला आहे तो जुन्या कागदांचा ढीग. तो कोणी तरी बसून उलगडावयास हवा, आणि त्याला प्रणाली बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर कोणी विचारील, "हे सगळे कशासाठी? चालले आहे ते बरे चालले आहे." त्यास एक अलीकडचे उदाहरण सांगतो. नयारा एनर्जी ही मुंबईत मुख्य कचेरी असलेली, गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना चालविणारी कंपनी. तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालाच्या आणि इतर सेवा बंद केल्या. भारतातील कंपनी, भारतातील नोकर, पैसे भरलेले परवाने. आणि सकाळी कचेरी उघडली तर टपाल बंद! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि थोड्याच दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. हे प्रकरण टपालाचे होते, टेबलावरच्या प्रणालीचे नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. उगाच बागुलबोवा उभा करण्याची आमची इच्छा नाही. आपल्या पतसंस्थेवर युरोपीय संघ निर्बंध घालील असेही नाही! पण तोटी कोणाच्या हाती आहे, हे त्या आठवड्यात पुष्कळांना प्रथमच दिसले.

आपल्या छोट्या कचेऱ्यांची तोटी निराळ्या तऱ्हेने फिरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने संपविली. काही काळाची मुदतवाढ तेवढी मिळू शकते. त्यापुढची विंडोज ११ घ्यावी तर तिला सुरक्षेची एक विशिष्ट चीप आणि अलीकडच्या पिढीतील प्रोसेसर लागतो. वर्गणी काढून घेतलेली शाळेची जुनी यंत्रे, धडधाकट असूनही, पुष्कळदा या नियमात बसत नाहीत. त्यांवर लिनक्स विनातक्रार चालते. यंत्र मोडले नसता ते मोडीत काढावयाचे की नाही, हा निर्णय शाळेच्या समितीचा असावा असे आमचे मत आहे.

अडचणी नाहीत असे मात्र कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हिशेबासाठी आपल्याकडे घरोघर झालेली टॅली ही विंडोजसाठी बनविलेली आहे. तिला लिनक्सवर चालविणे म्हणजे द्राविडी प्राणायाम. डिजिटल सहीची टोकने, काही जुनी छपाईयंत्रे आणि स्कॅनर विंडोज गृहीत धरून बनविलेले असतात. वरिष्ठ कचेरीकडून येणारा तक्ता मॅक्रोंनी भरलेला असला, तर तो लिब्रेऑफिसमध्ये अडखळतो. उलट प्राप्तिकर, वस्तू-सेवा कर, बँका यांची बहुतेक रोजची कामे आता ब्राउझरमधूनच होतात, आणि ब्राउझरला खाली कोणता कारभारी आहे याची फिकीर नसते. दुरुस्तीचा प्रश्नही खरा आहे. विंडोज जाणणारा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. लिनक्स जाणणारा शोधावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. परवान्याचा वाचलेला पैसा या मनुष्यावर खर्च करावयाची ज्या संस्थेची तयारी नाही, तिने या वाटेला न गेलेले बरे.

ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी हा हंगाम चांगला आहे. मार्चअखेरीची धांदल सरली आहे, शाळांना सुटी आहे. विंडोज आहे तेथेच राहू द्यावी आणि दोन टेबलांवर लिब्रेऑफिस घालावे. कचेरीत रोज निघणारे दहाच नमुने निवडून ते युनिकोडमध्ये नव्याने बांधावे. नमुना कोणी बांधला आणि त्यात काय आहे हे वहीत लिहून ठेवावे. दिवाळीपर्यंत एवढेच. टॅलीचे टेबल शेवटपर्यंत जसेच्या तसे ठेवावे. आणि पहिल्या टेबलावर कोणास बसवावे असे विचाराल, तर हौशी तरुणास बसवू नका. बारनिशीचे जे जुने बापट किंवा कांबळे असतील, ज्यांना सगळे नमुने तोंडपाठ आहेत आणि ज्यांचा या नव्या खुळाला सर्वांत जास्त विरोध आहे, त्यांना बसवा. कोणता कागद कोठे अडेल, ते त्यांना आधीच ठाऊक असते.